सात किलोची सोबत

डोंगरवाटेवर मिरीला पाहून लोक दोनच प्रश्न विचारतात. पायथ्याशी विचारतात, "ही चढेल का?" आणि वर भेटले की विचारतात, "हिला त्रास नाही का होत?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. चढते. दुसऱ्याचं उत्तर वाटेत उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते. लहान कुत्र्याला दिवसभराच्या ट्रेकला न्यायचं म्हटलं की सगळ्यांना काळजी वाटते ती चढाची. मला काळजी वाटते ती वेगळीच. कुत्रं चढत राहतं, थांबत नाही.

मिरीची आई डॅशहंड, बाप आमच्या गल्लीतला गावठी. रंगाने काळी, वजन सात किलो, खांद्याशी उंची जेमतेम दीड वीत. मी एक पाऊल टाकते तेवढ्यात तिची तीन-चार पावलं पडतात. राजगडाची पाली दरवाजाची वाट ही त्या गडाची राजवाट, चांगली रुंद, पण तिथल्या काही पायऱ्या मिरीच्या छातीला लागतात. आपण जिथे पाय उचलून ठेवतो, तिथे तिला सगळं अंग वर फेकावं लागतं. असं शेकडो वेळा.

आणि हे सगळं ती तक्रार न करता करते. माणूस दमला की बसतो, पाणी मागतो, "अजून किती राहिलं?" म्हणून चारदा विचारतो. कुत्र्याच्या डोक्यात एकच असतं, आपलं माणूस पुढे चाललंय तर आपण मागे राहायचं नाही. पंजा सोलवटला तरी ते चालतं, अंग तापलं तरी चालतं, आणि कोसळेपर्यंत चालू शकतं. थांबायचं कधी, वळायचं कुठून, हे त्याने आपल्यावर सोपवलेलं असतं. ही जबाबदारी जड आहे. ती पेलायची तयारी नसेल तर कुत्र्याला घरी ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.

यातूनच माझा एक नियम ठरला आहे. जिथून मिरीला उचलून खाली आणता येणार नाही, तिथे तिला न्यायचं नाही. लहान कुत्र्याचा खरा फायदा हाच. तीस किलोचा लॅब्रॅडोर डोंगरात दिमाखाने चालतो, पण कातळटप्प्यावर त्याचा पाय मुरगळला तर त्याला उतरवायला चार माणसं आणि दोर लागतो. सात किलोचं जनावर पाठीवर घेऊन मी एकटी चार तास चालू शकते. हे घरी बसून ठरवलेलं नाही. तेवढं वजन सॅकमध्ये भरून मी सिंहगड चढून-उतरून पाहिला आहे, आणि प्रत्येकाने तसं पाहावं.

लहान चणीची कुत्री डोंगरात चालत नाहीत, या समजुतीला दीडशे वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेलं आहे. आल्प्समध्ये चिंगेल नावाची एक कुत्री होती, बीगलच्या अंगाची. ख्रिस्तियान आल्मर या नामांकित स्विस वाटाड्याने ती १८६८ मध्ये डब्ल्यू. ए. बी. कूलिज या अमेरिकन मुलाला दिली. कूलिज तेव्हा अठराचाही नव्हता. आपल्या मावशीबरोबर, मेटा ब्रेवूर्टबरोबर, तो आल्प्समध्ये चढाया करायचा आणि चिंगेल त्यांच्यासोबत असायची. तिच्या नावावर साठाहून अधिक मोठ्या चढाया लागल्या. १८७५ मध्ये ती माँ ब्लाँवर पोचली, तीही स्वतःच्या पायांनी. बर्फाने आणि खडकांनी तिचे पंजे फाटायचे, म्हणून त्यांनी तिच्यासाठी चामड्याचे बूट करवून घेतले होते, पण तिने ते पायांत राहू दिले नाहीत. अलीकडचं उदाहरण अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरचं. टॉम रायन हा एका छोट्या गावातला पत्रकार आणि त्याचा ॲटिकस हा मिनिएचर श्नाउझर. त्या भागात चार हजार फुटांवरची ४८ शिखरं आहेत. २००६-०७ च्या एका हिवाळ्यात या दोघांनी त्यांतल्या शिखरांवर ८१ वेळा पाऊल ठेवलं. रायनने पुढे त्यावर पुस्तक लिहिलं. ॲटिकस वजनाने मिरीपेक्षा फारसा मोठा नव्हता.

म्हणून कुठलंही लहान कुत्रं उचलावं आणि निघावं असं मात्र नाही. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग या चपट्या नाकाच्या जातींना डोंगर नको म्हणजे नकोच. त्यांची श्वासनलिका अरुंद, टाळू लांब. घरात एसीत झोपल्यावरही ती घोरतात. चढावर त्यांना हवा पुरत नाही. शुद्ध डॅशहंडचं दुखणं वेगळं. त्याची पाठ लांब आणि पाय आखूड, त्यामुळे मणक्यांमधली चकती सरकण्याचा धोका इतर कुत्र्यांपेक्षा खूप जास्त. उंच पायरीवरून एक चुकीची उडी आणि मागचे पाय लुळे पडू शकतात. मिरीला बापाचे लांब पाय मिळाले आहेत, तरीही पाठीची काळजी मी डॅशहंडचीच घेते. वर्षाच्या आतल्या पिल्लाची हाडं अजून भरत असतात, त्याला लांब चाल देऊ नये. म्हाताऱ्या कुत्र्याचं हृदय आणि सांधे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. आता पॉमेरेनियन, स्पिट्झ. ती काटक असतात, पण त्यांचा झुबकेदार कोट पाहता थंडीचे दोन महिने सोडले तर त्यांना सह्याद्रीत नेऊ नये असं माझं मत आहे. सगळ्यांत उत्तम आपलं गावठी. आटोपशीर अंग, आखूड केस, लांब नाक. या हवेतच ते घडलंय.

तयारी टेकडीपासून करायची. पुण्यात वेताळ टेकडी आहे. मिरी तिथेच दगड-मातीवर चालायला शिकली, आणि पुढे मोर दिसला तरी साखळी ओढायची नाही हेही तिथेच शिकली. मग आतकरवाडीकडून सिंहगडाची पायवाट. मग लोणावळ्याहून राजमाची, म्हणजे पंधराएक किलोमीटरची, चढ-उताराच्या मानाने सौम्य वाट. दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे नीट बघायचं. उठताना अडखळते का, सोफ्यावर चढायला नकार देते का, पंजे चाटत बसते का. डोंगरात तिने काय सोसलं ते डोंगरात कळत नाही, दुसऱ्या दिवशी घरी कळतं. यातलं काही दिसलं तर पुढची वाट लांबवायची नाही.

आता उन्हाबद्दल. पायऱ्या आणि कातळ यांपेक्षा ऊन कितीतरी जास्त कुत्र्यांचा जीव घेतं, म्हणून इथे जरा थांबून सांगते.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी असतात त्या मुख्यतः पंजांच्या गाद्यांत, आणि अंग गार व्हायला त्यांचा उपयोग नाममात्र. उष्णता बाहेर टाकायचं त्याचं मोठं साधन एकच, धापा टाकणं. जीभ लांबवून भराभर श्वास घेतला की जिभेवरचा, घशातला, नाकातला ओलावा उडतो आणि सोबत उष्णता घेऊन जातो. पण हवाच दमट असेल तर ओलावा उडणार कसा? म्हणून कोकणाच्या अंगाने चढणाऱ्या वाटा, पावसाआधीचे घामट दिवस आणि ऑक्टोबरचा उकाडा हे सगळं एप्रिलच्या कोरड्या उन्हाइतकंच धोक्याचं. त्यात लहान कुत्र्याचं पोट जमिनीपासून वीतभर अंतरावर असतं. सह्याद्रीचा कातळ काळा, तो सकाळी नऊ-दहापासून तापायला लागतो. आपल्या डोक्याला वारा लागत असतो आणि आपण म्हणतो, "छान हवा आहे." त्याच वेळी खाली मिरी तव्यावरून चाललेली असते. हाताची मागची बाजू कातळावर टेकवून सात अंक मोजायचे. हात ठेववला नाही तर कुत्र्याचे पंजेही तिथे ठेवायचे नाहीत.

कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवीच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त. ते १०४ च्या वर गेलं की उष्माघाताची हद्द सुरू होते आणि १०६ च्या पुढे आतले अवयव निकामी होऊ लागतात. खुणा ओळखायला शिका. धापा नुसत्या जोरात नाहीत, घशातून आवाज येतोय. जीभ टोकाशी रुंद होऊन बाहेर लोंबतेय. हिरड्या गडद लाल झाल्यात. लाळ चिकट, दोरीसारखी झालीय. सावली दिसेल तिथे ते लोळण घेतंय, हाक मारली तरी बघत नाहीय. यानंतरची पायरी म्हणजे लडखडणं, ओकारी, बेशुद्धी. ती येईपर्यंत वाट बघायची नाही. सावलीत नेऊन जवळचं पाणी पोटावर, काखेत, जांघांत, पंजांवर ओतायचं आणि टोपीने, पुठ्ठ्याने, हाताला लागेल त्याने जोरजोरात वारा घालायचा. ओलं फडकं पांघरून ठेवायचं नाही, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्यायचं, तोंडात ओतायचं नाही. आधी गार करायचं आणि मग डॉक्टरांकडे न्यायचं, हा क्रम पक्का लक्षात ठेवा. कुत्रं उठून उभं राहिलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच, कारण मूत्रपिंडांवरचा परिणाम नंतर दिसतो.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. घरी बसलेल्या कुत्र्याला किलोमागे दिवसाला पन्नास-साठ मिलिलिटर पाणी लागतं. मिरीला म्हणजे अर्ध्या लिटरच्या आत. दिवसभराच्या चालीला मी त्याच्या तिप्पट धरते आणि दीड लिटर पाणी फक्त तिच्या नावाने सॅकमध्ये घेते. गडावरच्या टाक्यांवर भरवसा ठेवत नाही. टाक्यात पाणी असलं तरी मिरीला तिथे तोंड घालू देत नाही. त्यातलं पाणी माणसं पितात. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, त्याची लस कुत्र्याला दर वर्षी द्यावी लागते, आणि हा आजार कुत्र्याकडून माणसालाही होतो.

हे सगळं जमल्यावरच आम्ही राजगड ते तोरणा केला. डिसेंबरची थंडी, सोबत मैत्रीण. पायथ्याच्या पाली गावातून अंधारातच निघालो. गुंजवण्याकडून चोर दरवाजाने चढणं जवळचं, पण ती वाट शेवटी उभ्या कातळातून रेलिंग धरून जाते. माणसाला धरायला रेलिंग आहे, कुत्र्याला नाही. पाली दरवाजाने सूर्य डोक्यावर यायच्या आत आपण गडावर असतो. तिथून संजीवनी माची. दुहेरी तटबंदीमधून चालताना मिरी खूश असते, दोन्ही बाजूंना भिंत असल्याने मीही निर्धास्त. आळू दरवाजातून बाहेर पडलं की खरी वाट सुरू होते.

आळू दरवाजाखालचा उतार घसाऱ्याचा आहे. चढण्यापेक्षा उतरणं लहान कुत्र्याला जास्त महागात पडतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. उतारावर अंगाचा भार पुढच्या दोन पायांवर येतो आणि प्रत्येक उडीचा हिसका मनगटांतून खांद्यात आणि पाठीच्या मणक्यांत जातो. म्हणून चढताना मी मिरीला हवं तिथे उडी मारू देते, उतरताना गुडघ्याहून उंच प्रत्येक टप्प्यावर उचलून खाली ठेवते. तिच्या अंगात हार्नेस असतो, त्याला पाठीवर मूठ आहे. गळ्यातल्या पट्ट्याला साखळी लावून डोंगरात कधीही जाऊ नये. कुत्रं घसरलं तर ते पट्ट्याला लटकतं आणि गळफास बसतो. पण हार्नेसची मूठ धरून नुसतं उचलणंही बरोबर नाही, पाठ मध्येच वाकते. एका हाताने मूठ, दुसऱ्या हाताचा तळवा पोटाखाली मागच्या पायांपाशी, असं आडवं सपाट उचलायचं. हे घरी जिन्यावर इतके वेळा करावं की कुत्र्याला त्यात काही वाटेनासं व्हावं.

पुढे धार. एका बाजूला दरी, मध्ये कारवीचं रान, मग भुतोंड्याकडे जाणारा रस्ता ओलांडून परत चढ. वाटेत एका धनगराच्या घराशी आम्ही बसलो. आजी बाहेर गोवऱ्या थापत होत्या. त्यांचे दोन दांडगे कुत्रे उठले, तशी मी मिरीला पिशवीत घेतलं. आजींनी एका हाकेत कुत्र्यांना बसवलं आणि मिरीकडे बघून म्हणाल्या, "आगं, हिला सुटी सोडू नको हां. मागल्या महिन्यात आमचा एक कुत्रा नेला वाघानं, भर दुपारी." आमच्याकडे गावात बिबट्यालाही वाघच म्हणतात. आजींनी मिरीसाठी अर्धी भाकरी दिली. सोबतचा कांदा मी बाजूला काढला तेव्हा त्यांना नवल वाटलं. कांदा, लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, ट्रेकर लोक मूठमूठ खातात त्या मनुका आणि द्राक्षं कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पाडू शकतात, चॉकलेटही विषच. ट्रेकच्या खाऊतलं निम्मं कुत्र्याला चालत नाही, आणि वाटेत भेटणारा प्रत्येक ग्रुप प्रेमाने काहीतरी पुढे करतो. "नको, पोट बिघडतं," एवढं सांगितलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. मिरीचं जेवण म्हणजे उकडलेलं चिकन आणि भात, दर थांब्याला चार घास. पोटभर जेवण खाली उतरल्यावर.

बुधला माचीच्या अलीकडे कातळटप्प्यावर लोखंडी शिडी आहे. तिथे पिशवी लागते. जुन्या सॅकच्या जाड कापडाची ती मी टेलरकडून शिवून घेतली आहे. आत खाली फोमची पट्टी, म्हणजे तिची पाठ सरळ टेकते; वर नाडी, डोकं तेवढं बाहेर; आणि आतल्या बाजूला शिवलेला एक आकडा, तो तिच्या हार्नेसला अडकवायचा, कारण शिडीच्या मध्यावर माकड दिसलं तर शहाणं कुत्रंही उडी घेतं. पिशवी पाठीवर घ्यायची. छातीवर घेतली तर पायाखालची कांबी दिसत नाही. मैत्रीण आधी चढून वर थांबली, मग मी. मिरी माझ्या मानेपाशी श्वास घेत होती, शांत. ती शांत होती कारण या पिशवीत ती घरी झोपली आहे, भाजी आणायला आली आहे, बसमध्ये बसली आहे. पिशवीची ओळख शिडीवर करून द्यायची नसते.

तोरण्यावर, १४०३ मीटरवर, पोचल्यावर मी पहिलं काम केलं ते पंजे बघण्याचं. पावसाळ्यानंतर सह्याद्रीचं सगळं गवत वाळतं आणि कुसळं धरतं. एक कुसळ हातात घेऊन बघा. पुढे सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले बारीक ताठ केस, आणि मागे लांब शेपटी. ही शेपटी वाळली की पिळते आणि ओलाव्याने उलगडते, त्यामुळे टोक आपोआप गिरमिटासारखं आत आत जातं, आणि त्या उलट्या केसांमुळे ते मागे फिरत नाही. आपल्या मोज्यात घुसलं तर आपण उपटून टाकतो. कुत्र्याच्या दोन बोटांमधल्या मऊ कातडीत शिरलं तर आत चालत जातं, गळू होतं, आणि ते शोधायला डॉक्टरांना चिरा घ्यावा लागतो. कानात शिरलं तर पडद्यापर्यंत जातं. त्या दिवशी मिरीच्या उजव्या पुढच्या पंजात, मधल्या बोटांच्या बेचक्यात एक शिरायच्या बेतात होतं. निम्मं बाहेर होतं, चिमट्याने सरळ ओढलं, निघालं. ती लंगडत नव्हती, तोवर तिने पंजा चाटलाही नव्हता. म्हणून सांगते, दर थांब्याला चारही पंजे, दोन्ही कान, काखा आणि डोळ्यांचे कोपरे बघायचे. ट्रेकच्या आधी बोटांमधले केस कापायचे. घरी आल्यावर हीच तपासणी गोचिडांसाठी परत करायची, कारण गोचीडतापाने इकडे कितीतरी कुत्री दगावतात. गोचीड लागू नये म्हणून डॉक्टर गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध देतात, ते आधीच घ्यावं.

साप हा वेगळा विषय आहे. कुत्रं जग नाकाने बघतं, त्यामुळे साप चावतो तो बहुतेक नाका-तोंडावर किंवा पुढच्या पायावर. घोणस आणि फुरसं ही दोन नावं डोंगरात लक्षात ठेवायची. आपल्याकडे मिळणारं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालतं आणि कुत्र्यालाही तेच देतात. पावसाळ्यात कारवीवर दिसणारा हिरवा चापडा या चौघांत नाही. चावलं तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं तर नाहीच. कुत्र्याला एक पाऊलही चालू न देता उचलून न्यायचं. आणि आपल्या अंगदुखीच्या गोळ्या त्याला कधीही द्यायच्या नाहीत. आपल्याला आराम देणारी आयबुप्रोफेन त्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक असते.

आजींनी सांगितलेल्या वाघाकडे परत येते. अकोले तालुक्यात डॉ. विद्या अथ्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्या-मेंढ्यांहूनही जास्त. सात किलोचं सुटं कुत्रं बिबट्यासाठी काय असेल हे वेगळं सांगायला नको. म्हणून साखळी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत हातात, आणि अंधार पडायच्या आत गावात. तंबूबाहेर कुत्रं बांधून झोपणारे लोक मी पाहिले आहेत. असं कधीच करू नये.

पण धोका एकाच बाजूने नसतो, आणि याबद्दल आमच्या कुत्रेवाल्या मंडळींत फार कमी बोललं जातं. आपलं कुत्रं रानाला त्रास देतं. त्याच्या वासाने भेकर जागा सोडतं, जमिनीवर घरटं करणारे पक्षी उठतात. त्याहून वाईट म्हणजे आजार. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, आणि त्यांतल्या काहींच्या अंगात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा आजार मुळात कुत्र्यांत फिरणारा. म्हणून डिस्टेंपर, पार्वो, लेप्टो आणि रेबीजच्या लशी पूर्ण नसलेलं कुत्रं गावाबाहेर काढूच नये, आणि त्याची विष्ठा वाटेवर सोडू नये. मी ती वाटेपासून आणि पाण्यापासून दूर, खड्डा करून पुरते.

आणि अभयारण्यात कुत्रं न्यायचंच नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, ताम्हिणी, वासोटा ज्यात येतो ते कोयनेचं रान, ही सगळी संरक्षित जंगलं आहेत. ती आधी तिथल्या शेकरूंची, भेकरांची आणि बिबट्यांची आहेत. "कोणी अडवत नाही" हे कारण पुरेसं नाही. मिरीने महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, पाहिलेलं नाही आणि ती पाहणारही नाही. इतर गडांवर जातानाही आधी विचारायचं. पायथ्याच्या गावात चौकशी करावी, गडावर पहारेकरी असेल तर त्याची परवानगी घ्यावी, देवळाच्या पायरीला कुत्रं लागू देऊ नये, आणि कोणी "कुत्रं नको" म्हटलं तर वाद न घालता मागे फिरावं. गड आधी तिथल्या लोकांचे आहेत.

तोरण्याहून बिनी दरवाजाने वेल्ह्यात उतरलो. रेलिंगच्या टप्प्यांवर मिरी पाठीवर, बाकी वाट स्वतःच्या पायांनी. शेवटच्या तासाभरात तिची शेपटी खाली गेली होती आणि ती माझ्या पुढे न चालता मागे चालायला लागली होती. तिच्या दमण्याची ही पहिली खूण मला आता ओळखू येते. धापा नाहीत, लंगडणं नाही, फक्त जागा बदलते. ते दिसल्यावर मी तिला पिशवीत घेतलं आणि गावापर्यंत पाठीवर आणलं. तुमच्या कुत्र्याची खूण वेगळी असेल. ती टेकडीवरच्या सरावात शोधून ठेवायला हवी.

डिसेंबर-जानेवारीत निघणार असाल तर अजून एक काम आहे. ज्या गडावर जाणार तिथून जवळचा पशुवैद्य कोण, रविवारी तो असतो का, सर्पविषाचं औषध कुठल्या दवाखान्यात मिळतं, हे आधी फोन करून विचारा. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, तिथली मंडळी गाई-म्हशींसोबत कुत्रंही बघतात. सगळे नंबर कागदावर लिहून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. राजगड-तोरण्याच्या धारेवर बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते.